नवी जात म्हणण्याआधी

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीकडच्या सड्यावरच्या कंदीलपुष्पाचे (सेरोपेजियाचे) फोटो मिळाले. फूल देखणं आहे, पण पत्रात जागोजागी ‘नवी जात’ लिहिलंयस, तेवढं तूर्त खोडून टाक. आधी जुनं सगळं तपासायला हवं, आणि आपल्याकडचं जुनं बऱ्याच ठिकाणी विखुरलंय. थिओडोर कूक या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०१ ते १९०८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ छापला तेव्हा बेळगाव त्या इलाख्यातच होतं. म्हणून आपल्या रानातले जुने नमुने शोधायला पुण्याला वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात आणि मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जावं लागेल. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात तर कंदीलपुष्पांवर मोठं काम झालंय. आंबोली-चंदगडकडे नोंदलेली जात कणकुंबीजवळच्या चोर्ल्यात निघाली तर त्यात नवल कसलं? सीमावाद आपला, झाडांचा नव्हे.

आता फुलाचं. तू नळीच्या लांबीवर फार भर दिलायस. ती एकाच वेलीवर कमीजास्त भरते. ताजं फूल ब्लेडने उभं चीर आणि भिंगाखाली तळाचा मुकुट, म्हणजे मधल्या भागाभोवतीचं पाळ्यांचं कडं, बघ. चिलटं नळीतून आत घसरतात, खाली झुकलेल्या केसांमुळे त्यांना परत वर येता येत नाही. त्या कैदेत त्यांना परागांच्या पिशव्या चिकटतात, आणि केस कोमेजले की ती सुटतात. हे सगळं ज्या मुकुटाभोवती घडतं, त्याच्या पाळ्या किती, उभ्या की वाकलेल्या, टोकाला दुभंगलेल्या का, हे चित्र काढून पाठव. बाहेरची मापं वेलीवरच घे. दोनतीन फुलं सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेव, कारण दाबलेल्या फुलात मुकुटाचा चुरा होतो. कंद मात्र उपटायचा नाही. माती बाजूला करून फोटो घे, माप घे आणि पुन्हा झाक.

डीएनएसाठी कोवळं पान सिलिका जेलमध्ये वाळव, फॉर्मेलिनच्या जवळ नेऊ नकोस. मॅट-के आणि आरबीसी-एल हे हरितलवकातले (पेशीतल्या हिरव्या कणांतले) डीएनएचे दोन तुकडे २००९ पासून वनस्पतींचे बारकोड, म्हणजे जात ओळखायच्या खुणा, मानले जातात, पण जवळच्या जातींमध्ये ते पुष्कळदा सारखेच येतात. शिवाय हरितलवक बहुधा आईकडून येतं, म्हणजे संकर असला तर बापाचा पत्ता लागत नाही. म्हणून पेशीच्या केंद्रकातला आयटीएस हा डीएनएचा तुकडाही तपासून घे. उलट, नुसत्या फुलावर विसंबणंही बरं नाही. कंदीलपुष्पाच्या नात्यातल्या ब्रॅकिस्टेल्माची फुलं बहुधा उघडी, नळी नसल्यासारखी. तरी जनुकांच्या आधारावर २०१७ साली ती अख्खी प्रजाती सेरोपेजियात घालावी असं मांडलं गेलं. सगळ्यांनी ते मानलेलं नाही. मला स्वतःला अजून जड जातं, पण पुरावा पुरावाच.

नमुना घ्यायला कर्नाटक वनखात्याची लेखी परवानगी लागते. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर आधी परवानगी, मग पाऊल. नमुन्याच्या चिठ्ठीवर गावाचं नाव मराठी आणि कानडी दोन्ही रूपांत लिही, उंची आणि तारीखही टाक. नेमका ठिकाणा छापायचा नाही, कंद खणून विकणारे वाचतात.

जात नवी ठरलीच, तर लॅटिन वर्णनाची धास्ती सोड. २०१२ पासून इंग्रजी चालतं. प्ररूप नमुना, म्हणजे ज्याच्यावर नाव बेततं तो नमुना, मात्र संग्रहात जमा कर आणि तो कोणत्या संग्रहात आहे ते लेखात लिही, त्याशिवाय नाव वैध होत नाही.

पुढच्या पत्रात मुकुटाचं चित्र हवं, पेन्सिलीने काढलेलं. फोटो पुरे झाले.