आधी घरातला वाद वाच

अस्सलामु अलैकुम बेटा,

नबी निष्पाप असतात या श्रद्धेवरच्या, म्हणजे 'इस्मत'वरच्या, तुझ्या प्रबंधातलं प्रकरण वाचलं. 'इस्लामद्वेष्ट्या प्राच्यविदांचं कारस्थान' हे शब्द पहिल्याच पानावर आहेत, ते आधी काढ. जुम्म्याच्या तकरीरीत (शुक्रवारच्या प्रवचनात) खपून जातात, प्रबंधात नाही.

खरा घोटाळा पुढे आहे. विल्यम म्यूर आणि ड्वाइट डोनाल्डसन या पाश्चात्त्य अभ्यासकांना तू एकाच दावणीला बांधलंस. म्यूर पैगंबरांच्या चारित्र्यावरच बोट ठेवतो. डोनाल्डसनचं १९३३ मधलं म्हणणं निराळं: नबी निष्पाप असतात, ही श्रद्धा शियांच्या इमामविषयक विचारातून पुढे आली. त्याला उत्तर देताना एवढं पाहा, की श्रद्धेची शास्त्रशुद्ध मांडणी कधी झाली आणि ती खरी आहे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. फिकहचे, म्हणजे इस्लामी कायद्याचे, ग्रंथ नंतरच्या पिढ्यांनी लिहिले, म्हणून नमाज नंतरची ठरत नाही. पण 'इस्मत'ची सगळी व्याख्या पहिल्या दिवसापासून तयार होती, असंही लिहू नकोस. ते टिकणार नाही.

म्यूरला अलीगढच्या सर सय्यद अहमद खान यांनी १८७० मध्ये लंडनहून उत्तर दिलं. म्यूर तेव्हा त्यांच्याच प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर आणि सर सय्यद सरकारी नोकर! तरी भाषा बघ किती संयमी आहे. एकेक रिवायत (परंपरेनं आलेली हकिकत) घेऊन ती कितपत भरवशाची, हे तपासत ते पुढे जातात.

गरानीकच्या कथेवर, म्हणजे सैतानानं पैगंबरांच्या तोंडी मक्केच्या देवींची स्तुती घातली या कथेवर, मात्र तू दोनच ओळी लिहून निसटलास. ती कथा जुने मुस्लिम इतिहासकार तबरी यांनी नोंदवली आहे, म्हणजे पाश्चात्त्यांनी रचलेली नाही. काजी इयाज आणि राझी या जुन्या उलेमांनी ती फेटाळली: सनद (सांगणाऱ्यांची साखळी) कमजोर, आणि वहीच्या, म्हणजे ईश्वरी संदेशाच्या, शुद्धतेलाच बाध येतो. त्यांच्यासारखेच जुने आलिम इब्न तैमिय्या मात्र म्हणतात, नबीकडून चूक घडू शकते, पण अल्लाह त्याला तीवर कायम राहू देत नाही. आजच्या काळातले अभ्यासक शहाब अहमद यांच्या २०१७ मधल्या पुस्तकाचा रोखही इथेच आहे: पहिल्या दोन शतकांतल्या मुसलमानांना ही कथा सर्रास मान्य होती. समजा, होती. त्यावरून ती घडली असं सिद्ध होतं का? तुझं उत्तर इथून सुरू व्हायला हवं.

कुरआनच्या आयतीही टाळू नकोस. सूरह ताहामध्ये आदम यांची अवज्ञा, सूरह कससमध्ये मूसांच्या हातून झालेला खून आणि त्यांनी मागितलेली माफी, सूरह अबसमध्ये एका अंध माणसाकडे पाठ फिरवल्याबद्दल पैगंबरांना दिलेली समज. राझींनी यावर स्वतंत्र किताब लिहिली, एकेका नबीचा प्रसंग घेऊन. अडचणीची आयत आधी मांडायची, मग जबाब, ही त्यांची रीत तू उचल.

आणि जमाते इस्लामीचे संस्थापक मौदूदी कुठे आहेत? १९०३ मध्ये आपल्या औरंगाबादेत जन्मलेला माणूस. अल्लाह कधीतरी नबीवरची हिफाजत उठवून एखादी चूक होऊ देतो, म्हणजे लोक त्याला खुदा समजणार नाहीत, असं त्यांनी लिहिलं आणि देवबंदच्या परंपरावादी उलेमांनी कडाडून विरोध केला. हा वाद घरातला, तोही उर्दूत. तुला उर्दू येते, तर इंग्रजी सारांशावर कशाला विसंबतोस? मूळ उतारा काढ, आक्षेप त्याच्या शेजारी ठेव आणि ते प्रकरण मला रमजानच्या आधी पाठव.