अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांचं चरित्र वाचायचं आहे. लेखक त्यांचा भक्त आहे की वैरी, हे कसं ओळखावं?

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी मागची सूची उघडा आणि एक नाव शोधा: आर्चर ब्लड.

हे 1971 मध्ये ढाक्यात अमेरिकेचे महावाणिज्यदूत होते. ढाका तेव्हा पूर्व पाकिस्तानात होतं; 25 मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने तिथे बंगाली लोकांची कत्तल सुरू केली. 6 एप्रिलला तिथल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला धाडली आणि ब्लड यांनी तिला पाठिंबा दिला. बक्षीस काय, तर बदली! किसिंजर तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार. चीनशी बोलणी पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांच्यामार्फत चालली होती, त्यामुळे त्यांना दुखवायचं नव्हतं. जुलैत पोटदुखीचं सोंग करून किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप बीजिंगला गेले.

आता चीनभेटीला अख्खं प्रकरण आणि ढाक्याला जेमतेम परिच्छेद असेल, तर लेखक कुठे बसलाय ते कळलंच. उलट बाजूचे लेखकही काही कमी नाहीत. सोव्हिएत संघाला शह द्यायला चीन का हवा होता हे ते सांगतच नाहीत, आणि निक्सन यांचा भारतद्वेषही किसिंजर यांच्याच खात्यावर मांडून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट तळटीपांची. किसिंजर यांनी स्वतःच्या आठवणी जाडजूड खंडांत लिहिल्यात, आणि लिहिणारा हाडाचा प्राध्यापक. वाचताना पटत जातं, हीच गोची आहे. पण निक्सन यांनी फेब्रुवारी 1971 पासून आपल्या कार्यालयातलं बोलणं टेप करून ठेवलं होतं. आठवणींतला थंड डोक्याचा मुत्सद्दी त्या टेपांत साहेबांच्या हो ला हो मिळवताना, इंदिरा गांधींना शिव्या घालताना ऐकू येतो. (त्या शिव्या 2005 मध्ये जाहीर झाल्यावर त्यांनी खेद व्यक्त केला.) तळटीपांत टेपा कमी आणि आठवणीच जास्त असतील तर सावध व्हा.

बालपणाच्या प्रकरणात मी फारसा रेंगाळत नाही. ज्यू कुटुंब 1938 मध्ये नाझी जर्मनीतून निसटलं हे खरं, पण चरित्रकार ती एकच किल्ली पुढच्या प्रत्येक कुलपाला लावून बघतात. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने कंबोडियावर केलेल्या चोरट्या बॉम्बफेकीचा उलगडा त्याने होत नाही.

पुस्तकाच्या जाडीची धास्ती वाटत असेल तर 1969 ते 1975 एवढंच नीट वाचा. पद गेल्यानंतरची सल्लागारी आणि मेजवान्या चाळल्या तरी चालतील.