कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) येणारा रानडुक्कर धनुष्यबाणाने मारता येईल का?

नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. पिकाची नासाडी होत असली तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही. शिवाय मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते. बाण अडकतो, आणि जखमी जनावर झुडपात शिरून उलटतं.

गोव्यातल्या सत्तरीसारख्या भागात सौर कुंपण (सूर्यऊर्जेवर झटका देणाऱ्या तारांचं) बरं. खालची तार जमिनीपासून 20 सेंटीमीटरवर, म्हणजे उकरताना थेट नाकाला लागते. दुसरी 45 वर. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून पावसात कापणी चुकवू नका. उन्हाळ्यात उलट: जांभ्याची जमीन सुकते, अर्थिंग (कुंपणाची जमिनीशी जोडणी) कमजोर पडतं, जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळीपाशी पाणी ओता. घरची वीज तारेत सोडायची नाही, माणूस मरतो.