उंदरांचे निकाल जुळत नाहीत, म्हणून फार्माकॉलॉजी सोडू?

प्रश्न : मी फोंड्याची, बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. अपस्मारावरच्या प्राणी-प्रयोगांचा आढावा हा माझा प्रोजेक्ट. झटके आणणारं रसायन तेच, डोस साधारण तोच, पण निकाल प्रत्येक शोधनिबंधात वेगळे! या विषयात पक्कं काहीच नाही असं वाटतं. आई म्हणते, औषधांचं दुकान काढ. फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो या विषयात, एम.फार्म करू का?

उत्तर : बाय, कर. तुला जो गोंधळ वाटला, त्यातच या विषयाचा जीव आहे. ते निबंध पुन्हा उघड आणि प्रत्येकात प्राण्याची स्ट्रेन, म्हणजे वाण, शोध. कुठे विस्टार असतील, कुठे स्प्रॅग-डॉली, कुठे लाँग-इव्हान्स. सगळे उंदीरच, पण मेंदू सारखा वागत नाही. लहान उंदरांमधलं, म्हणजे माइसमधलं उदाहरण बघ. कायनिक ॲसिड या रसायनाने सी५७बीएल/६ आणि एफव्हीबी/एन या दोन्ही स्ट्रेनना झटके येतात, पण एफव्हीबी/एनच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या पेशी मरतात, सी५७च्या बऱ्याच अंशी वाचतात.

काही स्ट्रेनना तर झटके यायला रसायन लागतच नाही. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला विस्टारमधूनच निवडून वाढवलेल्या गेअर्स उंदरांना आपोआप ॲब्सेन्स झटके, म्हणजे काही क्षण भान हरपण्याचे झटके, येतात. अपस्मारावरच्या औषधांपैकी इथोसक्सिमाइड ते थांबवतं, कार्बामाझेपिन उलट वाढवतं. रुग्णांतही असंच दिसतं.

लेव्हेटिरासेटॅम या अपस्मारावरच्या औषधाची गोष्ट मला फार मोलाची वाटते. निरोगी उंदरांवरच्या विजेच्या झटक्याच्या आणि पीटीझेड या झटके आणणाऱ्या रसायनाच्या नेहमीच्या चाचण्यांत ते जवळजवळ नापासच झालं होतं. किंडलिंग केलेल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा सौम्य उत्तेजना देऊन मेंदू झटक्यांना प्रवण केलेल्या, प्राण्यांत आणि गेअर्समध्ये मात्र त्याने काम केलं. आज हे औषध जगभर दिलं जातं. प्राणी कोणता, हा प्रश्न विचारला नसता तर ते बाजूलाच पडलं असतं.

तेव्हा प्रोजेक्टमध्ये एक तक्ता कर : स्ट्रेन, प्राणी कुठून आणले, लिंग, वय, किती मेले. एकाच नावाची स्ट्रेन दोन पुरवठादारांकडे वेगळी वागू शकते, म्हणून तो रकाना गाळू नकोस. हा तक्ता एम.फार्मच्या मुलाखतीत तुझ्या गुणांपेक्षा जास्त बोलेल.

जीपॅटची, म्हणजे एम.फार्मच्या प्रवेश परीक्षेची, तयारी आत्ताच सुरू कर. पणजीच्या गोवा फार्मसी महाविद्यालयात जाऊन शिक्षकांना भेट. कुठेही प्रवेश घेण्याआधी तिथलं प्राणीगृह चालू आहे का, आणि प्राणी नैतिकता समिती नियमित बसते का, हे विचार. जिवंत प्राण्याला हात लावायला जमेल का, हेही स्वतःला प्रामाणिकपणे विचार. नाही जमलं तर पेशींवरचं किंवा रुग्णालयातलं संशोधन आहेच.

आईंचं म्हणणंही टाकू नको. पदवी मिळताच गोवा राज्य फार्मसी परिषदेत नोंदणी करून ठेव. ती एम.फार्मच्या आड येत नाही.