गिल्बर्ट मरे कोण होता आणि त्याचे अनुवाद आज वाचावेत का?

नक्की वाचा, पण कशासाठी ते आधी ठरवा. मरे जन्मला सिडनीत, 1866 ला, लहानपणीच इंग्लंडला आला, ऐन तेविशीत ग्लासगोला ग्रीकचा प्रोफेसर झाला आणि 1908 ते 1936 ऑक्सफर्डला होता. पण त्याचं खरं मोठेपण मला वेगळं वाटतं. प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसची नाटकं तोपर्यंत वर्गात व्याकरणासाठी वाचायची गोष्ट, ती याने यमकातल्या इंग्रजीत आणली आणि 1904 पासून दिग्दर्शक ग्रॅनव्हिल बार्करने ती लंडनच्या थिएटरमध्ये लावली, म्हणजे तिकीट काढून साधी माणसं ग्रीक ट्रॅजेडी बघायला लागली, हे केवढं मोठं काम आहे! युरिपिडीसचं ‘ट्रोजन विमेन’ तर घ्याच, इ.स.पू. 415 चं नाटक, युद्ध हरलेल्या शहरातल्या बायका गुलाम म्हणून वाटल्या जातायत, बास एवढंच, आणि तरी अंगावर येतं. मरे स्वतः पुढे लीग ऑफ नेशन्सच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर शांतता टिकवायला काढलेल्या राष्ट्रांच्या संघटनेच्या कामात वर्षानुवर्षं झटला, मला ते या नाटकापासून वेगळं काढताच येत नाही.

भाषा मात्र जुनी आहे, सजवलेली. कवी-समीक्षक टी. एस. एलियटने 1920 मध्ये त्यावर सडकून टीका केली होती आणि ती बरीचशी पटते. त्यामुळे पुण्यात एकांकिका वगैरे बसवणार असाल तर नवा गद्य अनुवाद हाताशी ठेवा, मरेचा कोरस (नाटकातली समूहगीतं) मात्र तालमीत एकदा मोठ्याने वाचाच.