मी तर फक्त अहवाल लिहिते, मग माझी झोप का उडाली?

"मॅडम, माझ्यावर काहीच बेतलेलं नाही. मी कुणाला सोडवायला जात नाही, कुणाबरोबर पोलिस ठाण्यात ताटकळत नाही. मी टेबलावर बसून अहवाल लिहिते. मग मला कसला त्रास?"

स्त्रियांवरील हिंसाचार थांबवण्याचं काम करणाऱ्या संस्थांमधली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. विचारणारे बहुतेक वेळा संवाद विभागातले, निधीदात्यांसाठी अहवाल लिहिणारे, मुलाखतींचं भाषांतर करणारे असतात, क्वचित हिशेब बघणारेही असतात. पीडित बाईशी समोरासमोर बोलणारी कार्यकर्ती दमली की निदान "दमले" म्हणते. टेबलावरच्यांचं मात्र आपल्याला दमायचा हक्क आहे की नाही, इथेच अडतं. त्यामुळे ते उशिरा येतात आणि बऱ्याचदा डोकेदुखी नाहीतर अपचनाची तक्रार घेऊन येतात.

अशाच एकीची ही गोष्ट. तिला मीरा म्हणू. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

लहान संस्थांत होतं तसंच मीराच्या संस्थेत होतं. संवाद आणि अनुदान व्यवस्थापन ही दोन्ही कामं तिच्या एकटीच्या गळ्यात. प्रस्ताव लिहायचे, तिमाही अहवाल पाठवायचे, अंदाजपत्रकातल्या शीर्षांप्रमाणे खर्च बसतोय का ते बघायचं आणि त्याच हाताने वार्षिक अहवालासाठी, वार्तापत्रासाठी, समाजमाध्यमांसाठी 'केस स्टोऱ्या' तयार करायच्या. काम तिला आवडायचं आणि ती त्यात तरबेजही होती. माझ्याकडे ती आली ती एका स्वल्पविरामामुळे.

एका मुलीवरच्या बलात्काराचं निवेदन ती तपासत होती. एक लांबलचक वाक्य होतं. तिने त्यात दोन स्वल्पविराम घातले, एक क्रियापद मागे-पुढे केलं आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळली. मग एकदम थांबली. "मला काहीच वाटलं नाही, मॅडम. काहीच नाही. मी दगड झालेय का?"

दगड झालेल्या माणसाला असा प्रश्न पडत नाही, एवढं मी तिला लगेच सांगितलं. मग बाकीचं विचारलं. काही न वाटण्याच्या जोडीला बरंच काही वाटतही होतं, फक्त भलत्या वेळी. अंघोळ करताना कुठल्या तरी निवेदनातली एखादी ओळ अचानक आठवायची. लिफ्टमध्ये कुणी पुरुष शिरला की हात पर्समधल्या किल्लीकडे जायचा. नवरा फोनवर कुणाशी जरा चढ्या आवाजात बोलला की छाती धडधडायची, आणि नवरा तर साधा माणूस. 'स्टोरीज' नावाचं फोल्डर ती शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या तासापर्यंत उघडायचीच नाही. साहेबांना वाटायचं, हिचं वेळेचं नियोजन कच्चं आहे. तिलाही तसंच वाटायचं.

इथे मी तिच्यासमोर एक कागद ठेवला. मनोविकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएमची पाचवी आवृत्ती 2013 मध्ये आली. आघातोत्तर तणाव विकाराचं (पीटीएसडी) निदान करताना जे आघाताचे अनुभव धरले जातात, त्यांत या आवृत्तीने आणखी एक प्रकार स्पष्ट शब्दांत नोंदवला आहे : दुसऱ्यावर गुदरलेल्या भीषण प्रसंगाचे तपशील पुन्हा पुन्हा किंवा अतिरेकी प्रमाणात अंगावर येणं. टीव्ही, सिनेमा किंवा छायाचित्रांतून आलेले तपशील त्यात धरत नाहीत, पण तुमचं कामच ते असेल तर धरतात. म्हणजे घरी मालिका बघून अस्वस्थ होणं आणि पगार घेऊन रोज निवेदनं वाचणं यांत फरक आहे, हे निदानाच्या पुस्तकालाही मान्य आहे. मीराला मी या आजाराचं लेबल लावलं नाही, तिची लक्षणं तितकी पक्की बसत नव्हती. 1990 पासून मानसशास्त्रात ज्याला परोक्ष आघात म्हणतात, म्हणजे दुसऱ्यांवरचे आघात ऐकून-वाचून स्वतःच्या मनावर उमटणारा आघात, तो मात्र दिसत होता. तिने तो परिच्छेद दोनदा वाचला आणि म्हणाली, "म्हणजे टेबल मोजतात!"

मोजतातच. माझं तर मत असं की एका बाबतीत टेबल जास्त वाईट. फील्डवरची कार्यकर्ती त्या बाईला घाबरलेली बघते, पण महिन्याभराने तीच बाई कोर्टाच्या पायऱ्या चढताना, मुलाला शाळेत घालताना, कार्यकर्तीवरच चिडतानाही तिला दिसते. कार्यकर्तीच्या डोक्यात एक अख्खं माणूस असतं. मीराच्या टेबलावर येतं ते फक्त त्या बाईच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट रात्रीचं वर्णन. त्यात तिचं काम कापाकापीचं. तीच कहाणी वार्षिक अहवालासाठी सहाशे शब्दांत, वार्तापत्रासाठी दीडशे शब्दांत आणि पोस्टसाठी दोन ओळींत. शब्द कमी करताना आधी जातात घर, मुलं, शेजारीण आणि बाईचा हजरजबाबीपणा. शेवटी मार तेवढा उरतो. एकाच प्रसंगातून तिला तीनदा जावं लागतं, आणि दर वेळी तो जास्त धारदार झालेला असतो. वर निधीदात्याच्या कार्यालयातून शेरा येतो, "कहाणी अजून परिणामकारक करता येईल का?"

तिचा सर्वांत जड काळ वर्षअखेरीचा. 25 नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचार निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन, 10 डिसेंबर हा मानवाधिकार दिन आणि या दोन्हींच्या मध्ये 1991 पासून चालत आलेली सोळा दिवसांची मोहीम. रोज एक पोस्ट, म्हणजे रोज एक कहाणी. तिच्या दोन अनुदानांचं वर्ष संपायचं 31 डिसेंबरला, त्यामुळे मोहीम आवरते न आवरते तोच अहवाल. ती दर जानेवारीत आजारी पडायची. हे कॅलेंडर आम्ही समोर मांडेपर्यंत तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मधेच मी तिला एक प्रश्न विचारला, जो या क्षेत्रातल्या प्रत्येकीला विचारते : तुझ्या स्वतःवर कधी असं काही गुदरलंय का? जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार 15 वर्षांवरच्या साधारण 30 टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, किंवा इतर कुणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. हा आकडा मीरा प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर टाकायची. तो ऑफिसच्या दारापाशी थांबत नाही. तिला काय आठवलं ते तिचं आहे, इथे लिहीत नाही. पण हा प्रश्न न विचारता नुसती तणावमुक्तीची तंत्रं शिकवायला घेणं मला पटत नाही.

तंत्रांचंच सांगायचं तर दीर्घ श्वास तिला मानवला नाही. "श्वास मोजताना तीच ओळ आठवते," म्हणाली. आम्ही ते सोडून दिलं. खरा फरक पडला तो कामाची मांडणी बदलल्यावर.

2014 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांनी पाठवलेली हिंसाचाराची दृश्यं वृत्तसंस्थांच्या कार्यालयात बसून तपासणाऱ्या पत्रकारांवरचा. ही माणसंही टेबलावरचीच. त्यांना जास्त त्रास झाला तो किती तास बघितलं यापेक्षा किती वारंवार बघितलं यामुळे. मीराचा दिवस नेमका उलटा रचलेला होता. निवेदनाची फाइल सकाळपासून उघडी, मधे ईमेल, पुन्हा दोन परिच्छेद, मधे मीटिंग, पुन्हा दोन परिच्छेद. शिवाय रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या सहकारिणीचा फोटो, खाली एकच ओळ : "हे रिपोर्टमध्ये घेशील का?" फोटोत सुजलेला डोळा.

आम्ही ठरवलं ते असं. निवेदनं आठवड्यातून दोनदाच वाचायची, सकाळी, एका बैठकीत. नंतर लगेच घरी जायचं नाही, त्या दिवशीचं रुक्ष काम पुढ्यात घ्यायचं. खर्चाचा तक्ता, व्हाउचर जुळवणं, काहीही. तिला याची गंमत वाटली, कारण आकडेमोडीचा तिला मनापासून कंटाळा. पण आकडे जुळवणारं डोकं मघाच्या चित्रात सहजासहजी परत जात नाही. रेकॉर्डिंग ऐकायचं असेल तर आधी लिखित मजकूर बघायचा, गरज असेल तेवढाच भाग ऐकायचा. फोटो उघडायचा तर खिडकी लहान करून.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो बंद करायला तिला स्वतःच्या त्रासाचं कारण पुढे करावंच लागलं नाही. जखमी बाईचा चेहरा चार जणींच्या खाजगी फोनमध्ये फिरणं त्या बाईसाठीच धोक्याचं. सगळं सांकेतिक क्रमांकाने, एकाच सुरक्षित फोल्डरमध्ये, एवढा नियम झाला आणि तिच्या रात्री सुटल्या. मला हे फार वेळा दिसतं की पीडितेची गोपनीयता नीट पाळली की कर्मचाऱ्याच्या मनाचं रक्षण त्याच नियमात निम्मंअर्धं होऊन जातं.

पुढची पायरी कहाणीचीच होती. मी विचारलं, "निधी देणाऱ्याला नेमकं काय कळायला हवं?" ती पटकन म्हणाली, "आपल्या पैशाने काय बदललं ते." मग मारहाणीचा तपशील कशाला? तिने जुनी एक स्टोरी माझ्यासमोरच कापली. मारहाणीचे सात वाक्यांचे परिच्छेद एका वाक्यावर आणले : "ती अनेक वर्षं पतीची मारहाण सोसत होती." मोकळ्या झालेल्या जागेत काय लिहायचं? तिला माहीतच नव्हतं, कारण त्या बाईचं पुढे काय झालं हे तिच्यापर्यंत कधी आलंच नव्हतं. तिने माहितीच्या तक्त्यात एक नवा रकाना वाढवला : "त्यानंतर काय". तो भरायला फील्डवर फोन करावा लागतो. पहिल्याच फोनवर कळलं की ती बाई आता शिवणाच्या ऑर्डरी घेते आणि सहीसाठी आलेल्या नवऱ्याला तिने दारातूनच परत पाठवलं. मीरा हे सांगताना हसत होती. सगळेच रकाने असे भरत नाहीत. काहींत "संपर्क तुटला" असं येतं, एकीत "परत गेली" आलं. तरीही नुसत्या त्या एका रात्रीपेक्षा हे बरं.

राहिले साहेब. "या कामात कणखर व्हावंच लागतं" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कणखरपणाचा हा सल्ला मला मुळातच आवडत नाही. स्वल्पविराम टाकताना काही न वाटणं हाच त्याचा शेवट असतो. पण साहेबांशी वाद घालून फायदा नव्हता, त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायला हवं होतं. मीराकडे शस्त्र होतंच. घरगुती हिंसाचारावरच्या संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये ज्या सुरक्षा आणि नैतिकतेच्या सूचना काढल्या, त्यांत संशोधन करणाऱ्या पथकाला विशेष प्रशिक्षण आणि सतत आधार द्यावा असं म्हटलं आहे. आम्ही संभाषणाची तालीम केली, साहेब मी झाले.

"निधीदाते याला पैसे देत नाहीत, मीरा."

"सर, चालू अनुदानात नवं शीर्ष घालायला लेखी मंजुरी लागेल, ते अवघड आहे. पण पुढच्या प्रस्तावात 'कर्मचाऱ्यांचं मानसिक आरोग्य आणि पर्यवेक्षण' असं शीर्ष आपण सुरुवातीलाच घालू शकतो. कारण मी लिहून देते."

तालमीत ती दोनदा अडखळली आणि दोन्ही वेळा "सॉरी" म्हणाली. "सॉरी" काढून टाकलं, वाक्य तेच ठेवलं. प्रत्यक्षात साहेब म्हणाले, "बघू." अशा संस्थांत "बघू" म्हणजे नकार नव्हे. पुढच्या प्रस्तावात ते शीर्ष होतं, रक्कम छोटी होती आणि ती मंजूर झाली.

एका गोष्टीपासून मात्र मी तिला अडवलं. संस्थेत दर शुक्रवारी 'मन मोकळं करायला' बसायची पद्धत होती. हेतू चांगला, पण जिला जे भयानक वाटलं ते ती तपशीलवार सांगायची आणि बाकीच्या ते घरी घेऊन जायच्या. सांगण्याआधी विचारायचं, "तपशिलात सांगू की वरवर?" आणि समोरची "वरवर" म्हणाली तर वरवरच सांगायचं. मला किती जड गेलं हे सांगायला रक्ताचं वर्णन लागत नाही.

हे वाचून कुणाला स्वतःचं चित्र दिसत असेल, तर एवढं तपासा. नको असलेली दृश्यं, दचकणं, झोप उडणं, टाळाटाळ हे सगळं महिना उलटूनही कमी होत नाही का? घरच्या माणसांशी नातं बिघडतंय का? जगू नये असं वाटतंय का? पहिल्या दोन्हींचं उत्तर हो असेल तर क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आघातावर केंद्रित असलेली वर्तनोपचाराची पद्धत आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचालींच्या आधाराने आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) हे दोन्ही उपचार अशा लक्षणांवर चांगले सिद्ध झालेले आहेत. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर आजच जा, एकट्याने जाऊ नका.

मीराने नोकरी सोडली नाही. सोडली असती तरी मी काही म्हटलं नसतं. बऱ्याच जणींना बदलच हवा असतो, आणि त्यात हार नाही. पुढच्या नोव्हेंबरात तिने सोळा दिवसांपैकी निम्म्या पोस्ट कायदेशीर मदत कुठे आणि कशी मागायची यावर केल्या.

तिच्या पाठोपाठ त्याच संस्थेतले हिशेबनीस आले, साधारण पन्नाशीचे, फार संकोचत. औषधोपचाराच्या प्रत्येक बिलाला जखमांचा वैद्यकीय अहवाल जोडलेला असायचा आणि लेखापरीक्षणाच्या आधी ते सगळे एकेक करून तपासायचे. "वाचायचे नसतात, मॅडम, पण डोळे जातातच." मीराने त्यांच्याबरोबर बसून लेखापरीक्षकांना पत्र लिहिलं : पडताळणीसाठी पावती, तारीख, रक्कम आणि सांकेतिक क्रमांक पुरेसे आहेत का? उत्तर आलं, पुरेसे आहेत. वैद्यकीय अहवाल आता बिलांना जोडत नाहीत, ते केसच्या बंद फाइलमध्येच राहतात.