फ्लॉपीचा खर्च चार हजार, पॉलिसीचा सहा लाख

मिरज तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

'वय 41. ऑर्केस्ट्रात आणि भजनी मंडळांना कीबोर्डची साथ करतो, संध्याकाळी क्लास घेतो. पत्नी शिलाईकाम करते. दोघांचं मिळून वर्षाला तीनेक लाख येतात, घरखर्च महिना 19 हजार. दोन मुलं. माझा यामाहाचा कीबोर्ड 2001 च्या सुमाराचा, फ्लॉपीवाला. आता फ्लॉपी घातली की नुसती करकर होते आणि डिस्क एरर येतो. ढोलकी, लावणी, भजनी ठेका, सगळ्या स्टाइल, म्हणजे साथीचे तयार ठेके, फ्लॉप्यांवरच आहेत. भंगारातला जुना ड्राइव्ह 3,500 ला मिळतोय. एक मेकॅनिक पेन-ड्राइव्ह चालणारा ड्राइव्ह 2,800 आणि मजुरी 1,000 मध्ये बसवून देतो म्हणतो. दुकानदार म्हणतो नवाच घ्या, 1,15,000 चा, हप्ता 5,500, 24 महिने. नवा घेतला तर एका कार्यक्रमाच्या सुपारीचा भाव अडीच हजारांवरून चार हजार होईल असं वाटतं. काय करू? पुढच्या महिन्यात बँकेतल्या विम्याच्या एफडीचा 60,000 चा तिसरा हप्ता आहे, त्यासाठी पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवणार आहे. त्या एफडीवर 8 टक्के आहेत. कागदाचा फोटो जोडलाय.'

ड्राइव्हचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देतो. आधी त्या पाटल्यांचं बोलू.

तुमच्याकडे एफडी नाही. फोटोतल्या कागदावर स्पष्ट छापलंय: 10 वर्षं हप्ता, 20 वर्षं मुदत, विमा रक्कम 6 लाख. ही बोनसवाली पारंपरिक विमा पॉलिसी आहे. तुमची ठेव मुदत संपून मोकळी झाली, त्याच दिवशी बँकेतल्या साहेबांनी ती इकडे वळवली आणि 'एफडीचाच दुसरा प्रकार' म्हणून सही घेतली. हे उद्योग मी वर्षानुवर्षं बघतो आहे आणि दर वेळी तितकाच संताप येतो. ज्याचं उत्पन्न लग्नसराई, गणपती आणि जत्रांवर चालतं, चातुर्मासात लग्नाच्या सुपाऱ्या थांबतात, त्याच्या गळ्यात दहा वर्षांचा 60 हजारांचा ठरलेला हप्ता अडकवणं हा सल्ला नव्हेच.

आता ते 8 टक्के. तुमच्या कागदावर दोन रकाने आहेत, एक 4 टक्क्यांचा आणि एक 8 टक्क्यांचा. असे दोन अंदाज दाखवणं कंपनीला नियमानंच भाग आहे. ते दर कंपनीच्या गुंतवणुकीवर किती परतावा मिळेल याचं गृहीतक आहे, तेही खर्च आणि कमिशन वजा करण्याआधीचं. तुम्हाला मिळणारं व्याज ते नाही आणि हमी तर दोन्हींची नाही. तुमच्या हाती काय पडतं ते बघा. दहा वर्षांत तुम्ही भरणार 6 लाख. विसाव्या वर्षी 8 टक्क्यांच्या रकान्यात मिळतात 12 लाख. 'दुप्पट' ऐकायला गोड लागतं, पण सरासरी साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. आणि 4 टक्क्यांच्या रकान्यात आहेत 8 लाख, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत.

त्यासाठी तुम्ही सोनं गहाण ठेवणार. सोनंतारण कर्ज बारा टक्क्यांच्या आसपास धरा. बारा टक्क्यांनी पैसे उचलायचे आणि साडेचार टक्क्यांच्या आशेवर वीस वर्षं अडकवायचे. वहिनींच्या पाटल्या घरातच राहू द्या. हा हप्ता भरू नका.

'मग भरलेले 1,20,000 बुडाले का?' असं तुम्ही विचारणारच. बराचसा भाग गेला, हे खरं. दोन वर्षांचे हप्ते भरलेत, त्यामुळे पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर नियमानं किमान 30 टक्के, म्हणजे 36 हजार तरी परत मिळायला हवेत. कंपनीची विशेष सरेंडर किंमत त्याहून जास्त असू शकते, तो आकडा लेखी मागा. 84 हजार सोडायचे म्हटलं की पोटात गोळा येतो, पण पुढचं गणित करा. उरलेले 8 हप्ते तुम्ही पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निधी खात्यात, भरले आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला असं धरलं, तर पॉलिसीच्या मुदतीच्या दिवशी साधारण 13 लाख होतात. परत मिळालेले 36 हजारही तिथंच ठेवलेत तर त्यांचे आणखी सव्वा लाख. म्हणजे 84 हजारांवर पाणी सोडूनही तुम्ही चौदा लाखांवर आहात आणि पॉलिसी, सगळं मनासारखं घडलं तरी, बारावर.

पॉलिसी पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच चालू ठेवण्याचाही पर्याय आहे. मग विमा रक्कम दोन-दशांश होते, 1,20,000, आणि आजवरचा बोनस जो काही असेल तो. मिळणार मात्र अठरा वर्षांनी. हाताशी शिल्लक असती तर मी त्यावर विचार करा म्हटलं असतं. तुमच्याकडे ती नाही, तेव्हा सरेंडर करून पैसे हातात घ्या.

मात्र सरेंडरच्या अर्जावर सही करण्याआधी एक काम करा. कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागवा. त्यात तुमचा व्यवसाय आणि उत्पन्न काय लिहिलंय ते वाचा. अशा फॉर्मवर वादकाचा व्यापारी होतो आणि तीन लाखांचे आठ लाख होतात. तसं निघालं तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, एफडी सांगून विकल्याचं सविस्तर लिहा, पूर्ण पैसे परत मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. सांगली जिल्हा त्यांच्याच कक्षेत येतो. फी नाही, वकील लागत नाही. यश येईलच असं मी म्हणत नाही, पण पोस्टाच्या खर्चात एवढा प्रयत्न करायलाच हवा.

आणि तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट. उद्या रात्री कार्यक्रमाहून परतताना तुमचं काही बरंवाईट झालं, तर घरी येणार 6 लाख. अडीच वर्षांचा घरखर्च. मुलं शाळेत आहेत. तुम्हाला 50 लाखांचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, हवा, साठीपर्यंतचा. तंबाखू नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला दहा-बारा हजारांत बसावा. सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. अडचण एकच, कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते आणि सुपारीचे पैसे रोख येतात. म्हणून यंदापासून आयकर रिटर्न भरा, कर शून्य असला तरी भरा. बयाणा आणि क्लासची फी बँक खात्यात घ्यायला लागा. टर्म हातात पडल्यावरच पॉलिसी सरेंडर करा. हप्त्याची तारीख उलटली तरी तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात धावपळ करून हे होण्यासारखं आहे.

नव्या कीबोर्डचं थोडक्यात. तीन लाखांतून घरखर्चाचे साधारण 2 लाख 28 हजार वजा जाता उरतात सत्तर हजार. ईएमआय वर्षाला 66 हजार. वर हा 60 हजारांचा हप्ता. पन्नास-पंचावन्न हजारांचा खड्डा दर वर्षी, तोही सगळ्या सुपाऱ्या मिळाल्या तर. भाव चार हजार होईल हे तुम्हाला वाटतं. ऑर्केस्ट्राच्या मालकानं तसं म्हटलंय का? तो पैसे देतो ते तुमच्या हाताला, मॉडेल नंबर बघून नव्हे. आधी दोन मालकांकडून चार हजारांचा शब्द घ्या, मग दुकानात जा.

आता ड्राइव्ह. भंगारातला 3,500 चा घेऊ नका. तोही तितकाच जुना. सोनीनं 2011 मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं, चांगल्या कोऱ्या फ्लॉप्या मिळणं दिवसेंदिवस अवघड आहे आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात जुन्या फ्लॉपीवर बुरशी धरते. बुरशीची फ्लॉपी चांगल्या ड्राइव्हचं फ्लॉपी वाचणारं हेडही खराब करते. मिरजेत सतारीचा भोपळा तडकला तर सांधून देणारे कारागीर आहेत, झिजलेल्या फ्लॉपी-हेडला तसा इलाज नाही.

पेन-ड्राइव्हवालाच बसवा, 3,800 रुपये. पण आधी मेकॅनिकला ड्राइव्हची पट्टी-केबल काढून पुन्हा बसवायला आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायला सांगा. कधी कधी दोष एवढाच असतो. नाहीच भागलं, तर नवा ड्राइव्ह मागवण्याआधी केबलच्या पिना मोजून घ्या. 34 पिनांची असेल तर सरळ बसतो, काही कीबोर्डांत निराळी असते आणि मग तो डबा नुसता पडून राहतो.

सगळ्यात महत्त्वाच्या तुमच्या स्टाइल. फ्लॉप्यांवरची धूळ-बुरशी पुसून, यूएसबीचा बाहेरचा फ्लॉपी ड्राइव्ह कुणाकडून मागून, एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवा. दोन ठिकाणी कॉपी ठेवा. पुढे कधी यामाहाचाच नवा कीबोर्ड घेतलात तर यातल्या बहुतेक स्टाइल तिथं चालतील, आवाजांचा तोल तेवढा पुन्हा बसवावा लागेल. मेकॅनिकला मजुरी देण्याआधी त्याच्यासमोर एक स्टाइल लोड करा, एक नवीन सेव्ह करा, कीबोर्ड बंद करून चालू करा आणि सेव्ह केलेली उघडते का ते बघा. उघडली की हजार रुपये द्या.